सुभेदारांनी नापास केलेली घरं

कराडात गेल्या काही वर्षांत जेवढे फ्लॅट विकले गेले, त्यांतले निम्मे तरी सुभेदार जगदाळ्यांनी आधी नापास केलेले होते. त्यातल्याच एका नापास फ्लॅटमध्ये मी सांगलीला बदली होईपर्यंत अगदी सुखात राहिले.

त्यांची आठवण परवा निघाली ती अशी. आमच्या सांगलीच्या शाळेत नवीन लागलेली एक शिक्षिका मधल्या सुट्टीत डबा खाता खाता म्हणाली, "बाई, शिल्लक फारशी नाही, पण भाडं भरून भरून जीव विटलाय. घर बघताना नेमकं काय बघायचं असतं हो?" मी घास गिळून काहीतरी शहाण्यासारखं सांगणार, तोच माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालं आणि स्टाफरूमच्या भिंतीवर आपटलं. टक टक. ती पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. आता हिला काय सांगू, की बोट माझं असलं तरी ही खोड माझी नाही!

सुभेदार आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. कराडात एकाच घरमालकाच्या घरात खाली आम्ही आणि वर ते, असे दोन्ही भाडेकरू. उंच, सडपातळ, मिशीचे आकडे दोन्ही बाजूंना सारखे वळवलेले. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पँटची इस्त्री आणि पायातले तपकिरी कॅनव्हासचे बूट काही निवृत्त झाले नव्हते. सकाळी फिरून आले की ते आधी जिन्याच्या भिंतीला टकटक करायचे, मग स्वतःच्या दाराला. वहिनी आतून म्हणायच्या, "भित झाली असंल वाजवून, तर या आत."

घर घेणं हा सुभेदारांचा धंदा नव्हता आणि नोकरीही नव्हती. तो त्यांचा छंद होता. म्हणजे घेणं नव्हे, बघणं. पेपरात जाहिरात आली, हायवेला नवा फलक लागला, कुणाच्या तोंडून 'सॅम्पल फ्लॅट तयार आहे' असं ऐकलं, की सुभेदार खांद्याला थैली अडकवून निघालेच. ओळखीपाळखीचं कुणी घर बघायला जाणार असेल तर विचारूच नका, बोलावणं नसलं तरी ते पुढच्या सीटवर बसलेले असायचे. थैलीत एक टॉर्च, फरशीचा उतार बघायला काचेची गोटी, भिंत सरळ आहे का बघायला गवंड्याचा ओळंबा आणि एक शेंडीवाला नारळ. साइटवर गेलं की ते बूट काढत नसत. "मुआयना बूट घालूनच करायचा आसतो," असं त्यांचं म्हणणं होतं. मुआयना म्हणजे तपासणी. फौजेतून येताना पेन्शनबरोबर हा शब्दही त्यांनी आणला होता.

मुआयना सुरू झाला की बिल्डरच्या माणसाचा चेहरा बघवत नसे. सुभेदार नळ सोडून पाण्याची चूळ भरायचे, ती तोंडात घोळवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. फ्लश ओढून घड्याळ बघायचे. गोटी सोडली की ती घरंगळत जाईल त्या दिशेने आपणही चालायचे. मग भिंतीवर बोट. एका खोलीत चार भिंती असतात याचा त्यांना फार आनंद होता. शेवटी हॉलच्या मधोमध येऊन हात कमरेवर ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "रिजेक्ट!"

कुणी म्हणालं की अहो सुभेदार, जागा बरी आहे, हातची जाईल, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "घाई कशाला गड्या? भित काय पळून जातीया व्हय?"

भिंत पळून जात नसे हे खरं. पण पुढच्या महिन्यात तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी पाटी लागलेली असे.

आणि स्वतःसाठी घर बघण्याची वेळ आली, की सुभेदारांचं पंचांग सुरू व्हायचं. उन्हाळ्यात घर दाखवलं तर म्हणणार, पाऊस पडू दे, गळतंय का बघू. पावसाळ्यात दाखवलं तर म्हणणार, उन्हाळ्यात नळाला पाणी येतंय का बघू. मग पितृपंधरवडा. मग दिवाळीनंतर बिल्डर लोक भाव पाडतात म्हणून थांबायचं. मग भाव वाढले म्हणून थांबायचं. त्यात एखाद्या वर्षी अधिक मास आला, तर सुभेदारांना तो सरकारी सुट्टी मिळाल्यासारखा वाटे.

आमच्या घरमालकाची एक अट होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आम्ही खालच्यांनी ती गुपचूप मोडली होती, पण सुभेदारांना अट म्हणजे हुकूम. त्यामुळे वहिनींच्या घरात आरसा कपाटाला टेकून उभा असे, देव फळीवर बसलेले असत आणि कॅलेंडर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असे. वारा आला की ते फडफडायचं आणि पावसाळ्यात भिजून जायचं. श्रावणातल्या तिथ्या वहिनींना दरवर्षी माझ्याकडे येऊन बघाव्या लागत. एकदा भिजलेलं कॅलेंडर पिळावं तसं हातात धरून त्या मला म्हणाल्या, "बाई, मला बंगला नगं, काय नगं. माझ्या मनानं एक खिळा ठोकता यील आसली एक भित हवी बगा. बास."

शालन वहिनी बोलायला कमी, पण बोलल्या की सुभेदारांच्या बोटापेक्षा नेमकं वाजायचं. सुभेदारांच्या नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी गावाकडे सासूच्या हाताखाली काढली, निम्मी सरकारी क्वार्टरात, आणि निवृत्तीनंतरची या भाड्याच्या घरात ब्लाऊज शिवण्यात. मुलगा विक्रम शिरवळला कंपनीत लागला होता आणि तिथेच मित्रांबरोबर खोली करून राहत होता. त्याच्या लग्नाचं बघत होते. हल्ली मुलीकडचे मुलाचा पगार विचारायच्या आधी विचारतात, फ्लॅट आहे का? सुभेदार मिशीला पीळ देऊन सांगायचे, "गावाकडं दुमजली बंगला हाय." मुलीकडचे गावाकडे चौकशी करून यायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. अवघं कराड नापास करणाऱ्या सुभेदारांना लोक असे फोन न करता नापास करत होते. त्यांच्या ते ध्यानात येत नसे, किंवा येत असेल तर दिसू देत नसत.

आमच्या घराचा मुआयना मी विसरणार नाही. मलकापूरच्या बाजूला नवी इमारत होत होती, तिथे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला आवडला होता. हातात माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेली थोडी रक्कम, बाकी सगळी भिस्त बँकेवर. आमचे हे म्हणाले, सुभेदारांना न सांगता जाऊ. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा सुभेदार आधीच रिक्षावाल्याशी बोलत बसलेले होते.

नळ झाला, फ्लश झाला, गोटी झाली. मग त्यांनी थैलीतून नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला आणि झोपायच्या खोलीतून हळूहळू चालू लागले. शेतात विहीर पाडायच्या आधी पाणाड्या असा नारळ घेऊन फिरतो आणि खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तो शेतात फिरतो. चौथ्या मजल्यावर पाणाड्या मी पहिल्यांदाच बघत होते. भिंतीजवळ येताच नारळ तळहातावर शेंडी वर करून ताठ उभा राहिला.

"हितं पानी हाय!" सुभेदार गरजले.

"असणारच साहेब," बिल्डरचा माणूस घाम पुसत म्हणाला, "पलीकडं बाथरूम हाय."

"रिजेक्ट!"

पण गंमत पुढेच आहे. तो बिल्डरचा माणूस आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हाताऱ्याला परत आनू नका, भाव करून देतो." त्याने खरोखरच भाव खाली आणला आणि आम्ही घर घेतलं. त्याशिवाय आमच्या ऐपतीत ते बसतच नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात आमचं छत गळलं. झोपायच्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरात. सुभेदार बघायला आले आणि डोळ्यांत पाणी यावं इतके खूश झाले. "जागा थोडी हिकडं-तिकडं झाली आसंल, पर पानी हाय म्हनलो हुतो का न्हाई?"

मग मला हळूहळू कळत गेलं, की हे फक्त आमच्याच बाबतीत झालेलं नव्हतं. कराडातली शहाणी माणसं सुभेदारांना मुद्दाम घर बघायला नेत. ते विकणाऱ्यासमोर घराची अशी काही अब्रू काढत, की तो बिचारा आपणहून भाव उतरवत असे. लोक घर घेत, पेढे वाटत आणि सुभेदारांना वास्तुशांतीला बोलावत. सुभेदार जेवून येत आणि म्हणत, "माझं ऐकलं न्हाई. पस्तावतील."

यातला एक पेढा मात्र फार कडू होता. विद्यानगरात एक जुना पण नीटनेटका फ्लॅट होता, तो वहिनींना फार आवडला होता. ओट्यासमोरच्या खिडकीतून आगाशिवाचा डोंगर दिसायचा. सुभेदारांनी दार दक्षिणेला आहे म्हणून तो नापास केला. त्या मुआयन्याला त्यांचे एक फौजेतले दोस्त, हवालदार यादव, सहज म्हणून बरोबर आले होते. पुढच्याच महिन्यात त्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं, यादवांकडून. आम्ही सगळे गेलो. यादव पंगतीत वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणाले, "ही सगळी सुभेदार सायबांची कृपा. त्येनी असं धुतलं त्या मालकाला, की म्हनंल त्या भावात दिऊन मोकळा झाला." सुभेदारांनी मान डोलावून कृपा स्वीकारली आणि जेवण झाल्यावर भिंत वाजवायला गेले. वहिनी हातात जिलबीची ताटली घेऊन त्या ओट्यासमोरच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. ताटलीतली जिलबी त्यांनी तशीच परत ठेवली.

मला त्या दिवशी सुभेदारांचा संताप आला. इतका, की घरी येऊन मी त्यांच्या बोटाबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या गावाकडच्या दुमजली बंगल्याची गोष्ट मला नागपंचमीला कळली. शिराळ्याची नागपंचमी दाखवतो म्हणून सुभेदारांनी आम्हाला नेलं. मिरवणूक बघितली, गर्दीत माझी चप्पल हरवली, आणि मग शिराळ्याच्या पलीकडे त्यांच्या गावी मुक्कामाला गेलो. बंगला खरंच होता. दारात संगमरवराची पाटी आणि तिच्यावर सगळ्यांत वर कोरलेलं नाव, सुभेदार आनंदराव जगदाळे. पाटीखाली उभं राहून सुभेदारांनी आमच्याकडून फोटो काढून घेतला. मिशीचे आकडे दोनदा सारखे केले.

आत गेलो तर वरचा मजला धाकट्या भावाचा, खालच्या दोन खोल्या मधल्याच्या. सुभेदारांची भावजय अंगणाकडे तोंड करून तिच्या सुनेला ओरडून म्हणाली, "अगं, कराडचं पाव्हनं आल्यात, च्या टाक." रात्री आम्हाला पाव्हणे म्हणून खोली मिळाली. ज्याचं नाव पाटीवर होतं तो आणि त्याची बायको बाहेरच्या सोप्यात सतरंजीवर झोपली. सुभेदार म्हणाले, "फौजेत काय गाद्या हुत्या व्हय?"

परत येताना पेठ नाक्यावर गाडी चहाला थांबली. सुभेदार समोर नव्या बांधकामाचा फलक दिसला म्हणून रस्ता ओलांडून बघायला गेले. मी वहिनींना विचारलं, की बंगला यांच्या पैशातून झालाय ना?

"व्हय की. फंड, ग्रॅच्युइटी समदं त्यातच गेलं," वहिनी बशीत चहा ओतत म्हणाल्या. "थोरला भाऊ म्हनून दिलं. देऊ देत की. पर एक खोली माझी म्हनून मागा म्हनलं, तर भावाभावात काय मागायचं म्हनाले. आता ह्यांच्या हातात काय न्हाई. ते तुमास्नी म्हनून सांगती. पेन्शन आली की निम्मी औषधात जाती. घर घ्यायला बँक म्हनती, आधी थोडं तुमचं घाला. ते थोडंच न्हाई. मग काय करनार? भित वाकडी हाय म्हनायचं. खिसा रिकामा हाय ना बाई, म्हनून भित वाकडी दिसती."

रस्त्यापलीकडे सुभेदार अर्धवट बांधलेल्या भिंतीला बोट लावून उभे होते. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले, त्या क्षणी मात्र वाईट वाटलं. फार वेळ टिकलं नाही, कारण ते परत येऊन म्हणाले, "रिजेक्ट. विटा कच्च्या हायत."

वहिनींनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्या घरात मी पाव्हनी, ह्या घरात मी भाडेकरू. आता बास झालं. बाई, तुमच्या बिल्डिंगीत कोन विकत आसंल तर मला सांगा. ह्यांना सांगू नगा."

"त्यांना का नाही सांगायचं?"

"सांगितलं तर बगाया येतील की!"

योग असा, की त्याच दिवाळीत आमच्या खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या निकमांनी घर विकायचं ठरवलं. मुलगा पुण्याला, त्यांनाही तिकडेच जायचं होतं. वहिनी भिशीला जाते असं सांगून घर बघून गेल्या. सगळ्या खोल्यांतून एकदा हिंडल्या, भिंतीवरून नुसता तळहात फिरवला. भिशीचे, शिलाईचे आणि दोन पाटल्या मोडून येतील ते, असं सगळं मिळून बँकेला दाखवण्यापुरतं 'थोडं तुमचं' त्यांच्याकडे होतं. हप्ता विक्रमच्या पगारातून जाणार होता. घर बाईच्या नावावर घेतलं की स्टँप ड्युटीत सवलत मिळते, हे त्यांना भिशीतल्या बायकांनी आधीच सांगितलं होतं. अडत होतं फक्त निकमांच्या भावापाशी. ते रुपयानेही खाली यायला तयार नव्हते.

मी म्हटलं, "वहिनी, एक माणूस आहे असा, की जो भाव पाडून देईल."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना राग आला. मग ओठ आवळून हसू दाबलं. म्हणाल्या, "आजपातूर साऱ्या कराडाला घरं स्वस्त करून दिली. एक बायकूला करून दिलं, तर काय हात झिजत्यात व्हय!"

मग मी सुभेदारांना बोलावलं. माझ्या मावसभावासाठी घर बघायचं आहे, असं सांगितलं. मला मावसभाऊ नाही. घर खरं कोण घेतंय ते यांच्यासमोर काढू नका, एवढं निकमांनाही बजावून ठेवलं होतं. सुभेदार त्या दिवशी मिशीला तेल लावून आले. वहिनी 'सहज' बरोबर आल्या आणि दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

निकमांच्या घराची त्या दिवशी जी दशा झाली, ती शत्रूच्या ठाण्याचीही होऊ नये. चूळ भरून सुभेदार म्हणाले, पाण्याला मचूळ चव आहे. गोटी सोडली, ती फ्रीजखाली गेली आणि निकमांना वाकून काढावी लागली. ओळंबा सोडून ते एक डोळा मिटून इतका वेळ उभे राहिले, की निकमांच्या बायकोने त्यांना खुर्ची आणून दिली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोट वाजवून म्हणाले, "पोकळ हाय. हिच्यात खिळासुदा टिकायचा न्हाई." मग टॉर्च वर मारून बाथरूमच्या छताकडे बघितलं. "आनि ह्यो ओलावा बगा. वरचं लोक कसं हायत कुनाला दक्कल!" वरचे लोक म्हणजे आम्ही. मी खिडकीतून बाहेर बघू लागले.

शेवटी नारळ निघाला. तो तर आता हातावर ठेवल्या ठेवल्याच उभा राहायला शिकला होता.

"बाई," हॉलच्या मधोमध उभं राहून सुभेदार म्हणाले, "तुमच्या मावसभावाला सांगा, फुकट दिला तरी घिऊ नगं म्हनावं. रिजेक्ट!"

संध्याकाळी निकम माझ्याकडे आले. तोंड उतरलं होतं. त्यांनी आपणहून जो भाव सांगितला, तो वहिनींच्या आवाक्यातला होता.

पुढचं सगळं भिशीच्या नावाखाली झालं. बँकेच्या चकरा झाल्या. मग नोंदणी कार्यालयात मी साक्षीदार म्हणून गेले. विक्रम शिरवळहून रजा टाकून आला होता. कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ आली तेव्हा तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मालक कुठायत?"

"ते घरी हायत. मालक मी हाय," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरून कॅमेऱ्याकडे बघत बसल्या.

दूध उतू घालायच्या दिवशी सुभेदारांना सांगितलं होतं, की बाईंच्या मावसभावाने शेवटी तोच फ्लॅट घेतलाय आणि चहाला बोलावलंय. वहिनी 'मदतीला' सकाळीच पुढे आल्या होत्या. सुभेदारांचा आवाज जिन्यातूनच ऐकू यायला लागला. "कोन येडं म्हनायचं ह्ये! मी नापास केलेला फ्लॅट घिऊन बसलंय! कुठाय तो मावसभाऊ, जरा बगू तरी!"

दारात येऊन ते थांबले. रिकाम्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवी शेगडी, शेगडीवर दुधाचं पातेलं आणि पुढे वहिनी, नव्या साडीत. मी आणि विक्रम बाजूला.

"कुनी घेतलाय ह्यो?" सुभेदारांनी विचारलं.

"म्या," वहिनी पातेल्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी. आनि तुमी ऱ्हानार आसला तर तुमच्यासाठी."

सुभेदारांनी विक्रमकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मावसभावासारखी तिथे नसतेच तर बरं, असं मला झालं. मिशीचा एक आकडा खाली उतरला होता, तो नीट करायला त्यांचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. मला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवून जिना उतरणार आणि मग यांच्या घरात पुन्हा कधी धड बोलणं होणार नाही. वहिनींनाही तेच वाटत असावं. पातेल्याशेजारी ठेवलेली त्यांची मूठ घट्ट वळलेली होती.

सुभेदार खाली वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. कुणाच्याही घरात मुआयन्याला आल्यावर त्यांना बूट काढताना मी पाहिलेलं नव्हतं. दोन्ही बूट भिंतीकडेला नीट जोडीने लावून ठेवले. मग थैलीतून नारळ काढला. विक्रम म्हणाला, "आप्पा, नवा नारळ आणलाय." उंबऱ्यावर गुडघा टेकून त्यांनी तोच जुना नारळ फोडला. साऱ्या कराडात पाणी दाखवत फिरलेल्या त्या नारळात पाण्याचा थेंब नव्हता. आत नुसता सुकलेला गोटा होता. वहिनींनी त्यातला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "खवट हाय. पर खावा सगळ्यांनी." आम्ही खाल्ला.

तेवढ्यात दूध उतू गेलं.

शेगडी बंद करून वहिनींनी पिशवीतून गुंडाळी केलेलं कॅलेंडर काढलं, एक खिळा काढला, हातोडी काढली. कुठे ठोकायचा हे ठरवून त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, तर सुभेदार अनवाणी त्यांच्या शेजारी येऊन उभे. बोट वाकडं करून त्यांनी भिंतीला टकटक केलं. जरा डावीकडे सरकले, पुन्हा टकटक केलं.

"हितं ठोक," ते म्हणाले. "हितं भरीव हाय."

"त्या दिशी तर पोकळ हुती म्हनं," वहिनी म्हणाल्या. "खिळासुदा टिकायचा न्हवता."

"त्या दिशी लोकाची हुती," सुभेदार म्हणाले आणि खिळा सरळ बसावा म्हणून दोन बोटांत धरून उभे राहिले. वहिनींनी हातोडी उचलली.